पुढचा भाग मागे चालू

गाजलेल्या ऐतिहासिक प्रेमकथेचा दूरचित्रवाणीवर उत्तरभाग काढायचा असेल, तर मूळ कथा संपताना तिच्यातली निदान दोन माणसे जिवंत असावी लागतात आणि त्यांचे एकमेकांशी थोडेफार भांडण शिल्लक असावे लागते. अट साधी दिसते. अमेरिकेत ती पुरी झाली, मराठीत होत नाही. आपल्याकडच्या ऐतिहासिक मालिकांच्या पुष्कळशा चमत्कारिक सवयी या एका अडचणीतून निघालेल्या आहेत.

मार्गारेट मिचेल यांची ‘गॉन विथ द विंड’ ही कादंबरी १९३६ मध्ये निघाली आणि १९३९ मध्ये तिचा चित्रपट झाला. शेवटी ऱ्हेट बटलर घर सोडून जातो आणि त्याला परत मिळवायचे कसे, हा विचार स्कार्लेट दुसऱ्या दिवसावर ढकलते. म्हणजे नवराबायको दोघेही धडधाकट, वाडा शाबूत आणि नवरा रागावून गेलेला. मालिकावाल्यांनी स्वतः बसून लिहिला असता तरी याहून सोयीचा शेवट त्यांना साधला नसता. मिचेल यांनी मात्र पुढचा भाग लिहिला नाही. १९४९ मध्ये रस्ता ओलांडताना मोटारीची धडक बसून त्या गेल्या. पुढे वारसांच्या संमतीने अलेक्झांड्रा रिप्ली यांनी १९९१ मध्ये ‘स्कार्लेट’ लिहिली. समीक्षकांनी तिची साले काढली, वाचकांनी ती भराभर विकत घेतली, आणि १९९४ च्या नोव्हेंबरात सीबीएस वाहिनीने तिची चार भागांची मालिका दाखवली. जेम्स बाँडचे काम सोडलेला टिमथी डाल्टन ऱ्हेट झाला. नायिकेला जॉर्जियातून उचलून आयर्लंडला नेण्यात आले, कारण जॉर्जियात तिने करायचे बाकी ठेवलेले असे फारसे काही उरले नव्हते. चार भागांत सगळा कारभार आटोपला. मराठी प्रेक्षकाला हा आकडा छापखान्याची चूक वाटण्याचा संभव आहे.

मराठीत त्या तोडीची कथा म्हणजे रणजित देसाई यांची ‘स्वामी’. १९६२ ची कादंबरी, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, आणि तेव्हापासून गावोगावच्या वाचनालयांत जिच्या प्रतीची शेवटची पाने सर्वांत आधी सुटतात असे पुस्तक. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने वारले. वय २७. रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचे स्मारक आहे. उत्तरभाग काढू पाहणाऱ्याच्या वहीत याचा जमाखर्च असा मांडला जाईल: नायक नाही, नायिका नाही, मूलबाळ नाही. शिल्लक राहिले ते नजरकैदेतले चुलते राघोबादादा, त्यांच्या पत्नी आनंदीबाई, सतरा वर्षांचे धाकटे बंधू नारायणराव आणि रुसून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिलेल्या मातोश्री गोपिकाबाई. एकमेकांवर जीव असलेली दोघे तेवढी गेली, बाकीचे सगळे ठणठणीत. या उरलेल्या मंडळींवर प्रेमकथा निघू शकत नाही. कौटुंबिक मालिका मात्र उत्तम निघते.

कालक्रमाने पुढे जायचे म्हटले तर नऊ महिन्यांत ३० ऑगस्ट १७७३ हा दिवस येतो आणि गारदी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून करतात. राघोबादादांच्या हुकूमनाम्यात आनंदीबाईंनी एक अक्षर बदलले, ही दंतकथा सर्वांना पाठ आहे. एका अक्षराच्या त्या खाडाखोडीवर आजची वाहिनी दोन महिने सहज काढील. एका आठवड्यात दौत सापडेल, पुढच्या आठवड्यात बोरू. नाटकवाल्यांनी आणि चित्रपटवाल्यांनी हा मजकूर फार पूर्वीच उचलला. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ चे. प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४ चा. त्यात गजानन जागीरदार रामशास्त्री झाले आणि दिग्दर्शकांपैकीही ते एक होते. ललिता पवार आनंदीबाई झाल्या.

सालांकडे लक्ष दिले की येथे काहीतरी उलटे चालले आहे असे दिसू लागते. ‘स्वामी’ची गोष्ट जिथे संपते तिथून पुढची हकीकत सांगणारा चित्रपट १९४४ चा आणि ‘स्वामी’ १९६२ ची. माधवरावांचे आजोबा बाजीराव आणि मस्तानी यांच्यावरची ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ त्याहून नंतरची, १९७२ ची. म्हणजे नातवाच्या भावाचा खून आधी झाला, नातवाचा संसार नंतर झाला आणि आजोबांचे प्रेमप्रकरण सर्वांत शेवटी उघडकीस आले. मधल्या एका माणसाने तर हा उलटा प्रवास एकट्याने केला. १९४४ मध्ये रामशास्त्री बनून पुढच्या भागातला न्याय देऊन बसलेल्या जागीरदारांनीच सुमारे चार दशकांनी दूरदर्शनसाठी ‘स्वामी’ मालिका दिग्दर्शित केली. निकाल आधी, मग खटल्याच्या आधीची सुखाची वर्षे. कोर्टात हे चालत नाही. करमणुकीत चालते, एवढेच नव्हे तर मराठीत दुसरे काही चालतच नाही.

याचे कारण प्रेक्षक आहे. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ चे. मराठीतले पहिले स्वतंत्र नाटक म्हणून त्याचे नाव घेतात. म्हणजे कादंबरी निघण्यापूर्वी शंभर वर्षे हा शेवट लोकांनी रडून घेतला होता. ज्या गोष्टीचा शेवट आजीच्या आजीलाही ठाऊक होता, तिच्यात ‘पुढे काय होणार’ हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो ‘आधी काय होते’ हा. मराठी निर्माता म्हणून उत्तरभागाची घोषणा करतो आणि पाळण्यापासून सुरुवात करतो.

जागीरदारांच्या मालिकेत रवींद्र मंकणी माधवराव होते आणि रमाबाई होत्या तेव्हाच्या मृणाल देव, म्हणजे आताच्या मृणाल कुलकर्णी. आठवड्यातून एकदा, जाहिरातींची फारशी अडगळ नसलेल्या त्या मालिकेने एका पिढीच्या मनात पेशवाईचे चेहरे कायमचे ठरवून टाकले. पुढे २०१४ मध्ये मृणाल कुलकर्णी यांनी ‘रमा माधव’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. रमा झाल्या पर्ण पेठे आणि माधवराव झाले आलोक राजवाडे. त्यात नानासाहेब पेशवे कोण? रवींद्र मंकणी. गोपिकाबाई कोण? स्वतः मृणाल कुलकर्णी. पंचवीसेक वर्षांपूर्वी जे नवराबायको होते, तेच आता स्वतःचे आईवडील आणि सासूसासरे होऊन आले. कुठल्याही लेखकाने न लिहिलेला हा खरा उत्तरभाग आहे. स्कार्लेटला मिचेल यांच्या वारसांनी आयर्लंडला पाठवले. आमच्याकडे नायिकेला सासूच्या खोलीत पाठवतात, आणि तिथे तिला संवादही जास्त मिळतात. मृणाल कुलकर्णी मधल्या काळात ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत जिजाबाईही होऊन गेल्या होत्या. ऐतिहासिक कामात अभिनेत्रीची बढती कोणत्या दिशेने होते, हे यावरून ध्यानात येते.

मग ९ सप्टेंबर २०१९ रोजी कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ सुरू झाली. नावातच नाते सांगितलेले होते, त्यामुळे कोणाची पुढची पिढी आहे हे विचारावे लागले नाही. नायिका लहानगी रमा (सृष्टी पगारे), समोर गोपिकाबाई (ऐश्वर्या नारकर). म्हणजे ‘स्वामी’च्या चाहत्यांनी ज्या शेवटासाठी रुमाल काढून ठेवले होते, त्याच्या बरेच मागे नेऊन त्यांना बसवण्यात आले. माधवराव आणि रमाबाई यांचे लग्न १७५३ मध्ये झाले. नवरा आठ वर्षांचा, नवरी त्याहून लहान. लग्नापासून थेऊरपर्यंत एकोणीस वर्षे. रोजच्या मालिकेचे वर्षाला तीनशेच्या आसपास भाग होतात. या दराने ती एकोणीस वर्षे खऱ्या एकोणीस वर्षांत दाखवायचे कोणी मनावर घेतले असते, तर आज ना उद्या थेऊर गाठताना पहिल्या भागातला बालकलाकार निवृत्तीवेतनाचा विचार करू लागला असता. म्हणून मध्ये लीप येते. लीप म्हणजे जाहिरातीनंतर सगळ्यांनी एकदम दहाबारा वर्षांनी मोठे होणे आणि सासूने मात्र तेवढीच राहणे.

समीक्षक या संथपणावर तुटून पडतात, ते पूर्ण बरोबर नाही. ज्या मुलीचे पुढे काय होणार हे आधीच ठाऊक आहे, ती परकरपोलक्यात वाड्याच्या चौकात पळत असेल तर प्रेक्षकाला तिला तिथून हलवायची घाई नसते. मालिका रेंगाळते याबद्दल नावे ठेवायची आणि ती रेंगाळावी म्हणून रोज बसायचे, हा दोन्ही बाजूंच्या सोयीचा व्यवहार आहे. वाहिनीला आकडे मिळतात, प्रेक्षकाला थेऊर टळते.

शेवट टाळायला कायद्याचीही थोडी मदत होते. १९८७ च्या सती प्रतिबंधक कायद्याने सतीच्या उदात्तीकरणाला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्या कथेचा सारा डोलारा त्या प्रसंगावर उभा, तिच्या निर्मात्याला रडवायचे आणि उदात्त करायचे नाही अशी तारेवरची कसरत करावी लागते. बालविवाहाचेही तसेच. आठ वर्षांचे नवरदेव मुंडावळ्या बांधून उभे राहिले, की आपण अशा प्रथांचे समर्थन करत नाही हे वाहिनीला सांगावे लागते. २०२० मध्ये त्यात टाळेबंदीची भर पडली. मार्चमध्ये चित्रीकरणे थांबली आणि महाराष्ट्र शासनाने ती पुन्हा सुरू करायला परवानगी दिली तेव्हा ६५ वर्षांवरील कोणालाही सेटवर मज्जाव होता. उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये हा मज्जाव रद्द केला. तोपर्यंतच्या काळात ज्याला कोणाला पेशवाईतले जुने कारभारी उभे करायचे होते, त्याला ते साठीच्या आतबाहेरचे पाहून दाढ्या पांढऱ्या कराव्या लागल्या असतील.

हे सगळे पाहणारा प्रेक्षक फक्त पुण्यात नसतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानात कुंभारवाडा आहे. अशा गावांत घरी कोकणी, सरकारी कागदांवर कन्नड आणि डिशवर मराठी अशी वाटणी असते. तिन्ही भाषा एकाच माणसाच्या असतात आणि रात्री साडेसातनंतर पेशव्यांची चालते. तालुक्यातच काळी नदीवर सुपे धरण आहे, तिथे वीज तयार होते. मात्र पावसाळ्यात ती तयार होते त्या ठिकाणी थांबतेच असे नाही. लाईट गेली की मालिका बुडते. दोन दिवसांनी आल्यावर पाहावे तर मातोश्री त्याच देवघरात, तीच सांजवात हातात धरून, त्याच सुनेकडे वळून पाहत असतात. विजेच्या लपंडावाला इतकी जुळवून घेणारी दुसरी कला नसेल.

कुंभारवाड्याच्या प्रेक्षकाला एक हक्काची तक्रार मात्र करता येते, ती म्हणजे मालिकेत त्याच्या बाजूचा मुलूख जवळजवळ येतच नाही. माधवरावांचा जन्म फेब्रुवारी १७४५ मधला, तोही पुण्यातला नव्हे, सावनूरचा. ते आता हावेरी जिल्ह्यात आहे. पेशवेपदाच्या अकरा वर्षांतला मोठा भाग हैदरअलीशी लढण्यात गेला. १७६४ मध्ये रट्टेहळ्ळीची लढाई झाली, त्याच मोहिमेत धारवाड घेतले. हैदराने सोंद्याचे राज्य गिळले आणि तिथला राजा गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाला गेला. ते सोंदे म्हणजे याच उत्तर कन्नडमधल्या शिरसीजवळचे. जोयड्याहून धारवाड जवळ आणि पुणे लांब. असे असून दैनंदिन मालिकांच्या रीतीप्रमाणे कर्नाटकची मोहीम म्हणजे एक दालन, एक समई आणि धापा टाकणारा एक जासूद. तो खलिता देतो, बायकांपैकी कोणीतरी तो वाचते, तीन बाजूंनी तीनदा चेहरा दाखवला जातो आणि लढाई जिंकली जाते. याला आळस म्हणता येणार नाही. घोड्याला दिवसाचे भाडे लागते, चारा लागतो, आणि दुसऱ्या टेकला तो पहिल्यासारखा उभा राहत नाही. हळदीकुंकवाला तेच पाट, तीच तबके आणि त्याच पैठण्या महिनोन्‌महिने पुरतात. दूरचित्रवाणीवरच्या पेशवाईत तलवारीपेक्षा नथीचा वावर अधिक असण्याचे मूळ या हिशेबात आहे. त्यात एक न्यायही आहे. बखरी लिहिणाऱ्यांनी दीडदोनशे वर्षे बायकांना दाराआड ठेवले होते, मालिकेने पुरुषांना मोहिमेवर पाठवून त्याची परतफेड केली.

हिंदी वाहिन्यांनीही हीच वाट धरली. सोनीवरचा २०१७ चा ‘पेशवा बाजीराव’ लहान बाजीरावापासून सुरू झाला. चित्रपटातून मस्तानीचे नाव घरोघर पोचल्यावर झी टीव्हीने २०२१ मध्ये ‘काशीबाई बाजीराव बल्लाळ’ आणली, तीही छोट्या काशीपासून. आधी मस्तानी, मग तिच्या सवतीचे बालपण. बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला वारले आणि मस्तानीही त्याच वर्षी गेली. तिथेही पुढचा रस्ता बंद. त्यांचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ मध्ये पानिपतावर लढून गेला. त्याच्या प्रेमकथेची चौकशी अजून कोणी केलेली नाही.

असे असले तरी पेशवाईने खराखुरा, पुढे चालणारा, दूरचित्रवाणीला साजेसा एक उत्तरभाग स्वतःच तयार करून ठेवला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवराव भाऊ पानिपतावर पडले. प्रेत त्यांचेच की नाही याबद्दल शंका घेणारे राहिले, आणि ज्या कथेत प्रेताबद्दल शंका आहे ती कथा संपलेली नसते हे मालिकालेखनाचे पहिले सूत्र आहे. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. थोड्याच वर्षांत, आपण भाऊसाहेब आहोत, असे सांगणारा एक मनुष्य उगवला. माधवरावांनी चौकशी करून त्याला कैदेत टाकले. नायक गेला, रमाबाई गेल्या, नारायणरावांचा खून झाला, तरी हा कैदेत होता. १७७६ मध्ये रत्नागिरीला तो सुटला. सोडवणाऱ्याने त्याला खरे भाऊ मानले आणि बघता बघता कोकणातले किल्ले व माणसे त्याला मिळत गेली. अखेर तो पकडला गेला, पुण्यात आणून पंचांसमोर त्याची रीतसर शहानिशा झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहदंड झाला. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या. न. चिं. केळकरांनी या हकीकतीवर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक १९१३ मध्ये लिहिले.

मेलेला नवरा पंधरा वर्षांनी परत येणे, तो खरा की खोटा यावरून घरात आणि दरबारात दोन तट पडणे, पडद्याआड कुंकू लावून बसलेली बायको, साक्षीपुरावे, जुन्या नोकरांची ओळखपरेड. आजच्या मालिकांत अपघात, स्मृतिभ्रंश आणि प्लास्टिक सर्जरी यांच्या कुबड्या घेऊन जे कसेबसे उभे करतात, ते इथे इतिहासाने फुकट दिले आहे. अडचण एकच, आणि ती पात्रयोजनेची आहे. ज्या नटाने पानिपतापर्यंत भाऊसाहेब केले, त्यालाच तोतया करावा, तर प्रेक्षक पहिल्याच दिवशी त्याला खरा मानून बसतील, आणि डिसेंबर जवळ येऊ लागला की शिक्षा रद्द करा म्हणून वाहिनीकडे पत्रांचा ढीग लागेल. दुसरा नट घ्यावा, तर हा तो नव्हे हे कुंभारवाड्यातल्या शेवटच्या घरातले शेंबडे पोरही पहिल्या जाहिरातीपूर्वी सांगेल आणि दोनशे भागांची गोष्ट वीस मिनिटांत संपेल. तिसरा मार्ग असा, की आधीच्या मालिकेतला नट मानधनावरून मध्येच बदललेला असावा, म्हणजे प्रेक्षकांना भाऊसाहेबांचे दोन चेहरे आधीपासून सवयीचे असतील आणि तोतयाला तिसरा चेहरा घेऊन आत शिरता येईल. मालिकांच्या धंद्यात नट बदलणे ही रोजची बाब असल्यामुळे हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे. पुण्याच्या पंचांनी साक्षीपुरावे तपासून निकाल दिला होता. वाहिनीला तो दर गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे पाहून द्यावा लागेल, आणि आकडे चांगले असतील तर तोतयाला देहदंडाच्या आधी निदान एक दिवाळी आणि एक संक्रांत मिळायला हरकत नाही.